जुना फोटो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही : कोकणातल्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांसाठी

शाळेची शताब्दी, देवळाचा जीर्णोद्धार, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची पंच्याहत्तरी. निमित्त कुठलंही असो, स्मरणिका काढायची ठरली की पहिली हाक जुन्या फोटोंसाठी जाते. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर ढीग जमतो. कुणी भिंतीवरच्या तसबिरीचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवतं, त्यात काचेवर ट्यूबलाइट चमकत असते. कुणी ‘आपलं जुनं बंदर, १८९०’ असं लिहून पाठवतं. वेळ नसतो म्हणून ते तसंच छापलं जातं. पुढची स्मरणिका ते तिथून उचलते, आणि कुणीतरी अंदाजाने टाकलेली तारीख गावाचा इतिहास होऊन बसते.

हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे : फोटोला प्रश्न लहान विचारा. ‘त्या काळी गाव कसं होतं?’ याचं उत्तर कुठल्याच फोटोकडे नसतं. ‘त्या दिवशी या घरावर कुठली कौलं होती?’ याचं असतं, आणि ते कित्येकदा दफ्तरातल्या नोंदीपेक्षा पक्कं असतं.

आधी मूळ प्रत गाठा

मोबाइलवर आलेल्या चित्रावर निर्णय घेऊ नका. ते कापलेलं असतं, उजळलेलं असतं, मागची बाजू तर त्यात नसतेच. ज्या घरात फोटो आहे तिथे जा. तसबीर उतरवायला परवानगी मागा आणि उजेडात न्या. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तो बहुधा चिकटलेलाच असतो, आणि ओढला तर चेहरा काचेवर राहतो. अशा वेळी काचेसकट, तिरक्या उजेडात फोटो काढून घ्या. पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो पुठ्ठ्यापासून सोडवू नका, कारण पुठ्ठा हाही पुरावाच आहे.

स्कॅन करताना दोन्ही बाजू करा, निदान ६०० डीपीआयवर, कडा न कापता. नोंद करायची तर मागे, मऊ पेन्सिलीने, एका कोपऱ्यात. बॉलपेन नको. एवढं झालं की मूळ फोटो ज्याचा त्याला परत करा.

वस्तू म्हणून पाहा

फोटोत काय आहे ते पाहण्याआधी फोटो कशाचा आहे ते पाहा. दहा पटीचं भिंग शे-दोनशे रुपयांत मिळतं. त्यातून बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तुमच्या हातात फोटो नाही, छापील पानाचं कात्रण आहे. मग ते कुठल्या अंकातलं, कुठल्या पुस्तकातलं, हा शोध वेगळा.

ठिपके नसतील, कागद पातळ असेल, त्याचे धागे दिसत असतील आणि उजळ भाग पिवळट पडले असतील, तर ती बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरची, म्हणजे अल्ब्युमेन प्रत आहे. ही पद्धत १८५० मध्ये आली आणि १८९०च्या दशकापर्यंत चालली. याउलट गडद भागांवर, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चांदी उठली असेल तर तो जिलेटिनच्या थराचा नंतरचा कागद. हा १८८०च्या दशकापासून पुढे आला आणि विसाव्या शतकातले बहुतेक काळेपांढरे फोटो याच कागदावर आहेत. घराघरांतले रंगीत फोटो तर फारच अलीकडचे.

पुठ्ठ्याचा आकार मोजा. अडीच बाय चार इंचांच्या आसपास असेल तर ते ‘कार्त द व्हिझित’. हा आकार १८५४ मध्ये पॅरिसला पेटंट झाला. सव्वाचार बाय साडेसहा असेल तर ‘कॅबिनेट कार्ड’, १८६६ नंतरचं. खाली किंवा मागे स्टुडिओचं नाव आणि पत्ता असतो. मुंबईच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत स्टुडिओ कुठल्या वर्षी कुठल्या पत्त्यावर होता ते सापडू शकतं, आणि मग दहा-पंधरा वर्षांचा पट्टा हाती येतो.

हो, स्टुडिओ मुंबईचाच निघेल याची तयारी ठेवा. कोकणातल्या घराच्या भिंतीवर टांगलेला फोटो कोकणात काढलेला असतो असं नाही. गिरणीत, गोदीत, खानावळीत राबणारा चाकरमानी गिरगाव-परळकडे फोटो काढून घ्यायचा आणि गावी पाठवायचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं नि कमानी. अनेक स्टुडिओंत कोट, टोपी, छडी ठेवलेली असे. तेव्हा अशा फोटोवरून ‘आमच्या पणजोबांचा पोशाख’ म्हणून कोटाचं वर्णन लिहू नका. पणजोबांना आपण कसं दिसावंसं वाटत होतं, हे मात्र त्यातून नक्की कळतं, आणि मला ती माहितीसुद्धा मोलाची वाटते.

तारखेला खालची आणि वरची हद्द घाला

नेमकं वर्ष शोधायच्या मागे लागू नका. ‘याच्या आधीचा असू शकत नाही’ आणि ‘याच्या नंतरचा असू शकत नाही’ अशा दोन हद्दी आखा.

कोकणात खालच्या हद्दीसाठी छप्परासारखा साक्षीदार नाही. पूर्वी गरिबाचं घर पेंढ्याने किंवा झापांनी शाकारलेलं, बऱ्या घरावर हाताने केलेली नळीची कौलं. सपाट, खाचांची, एकात एक बसणारी मंगलोरी कौलं आली ती बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कारखाना घातल्यावर, म्हणजे १८६५ नंतर. खेड्यापाड्यांत पोचायला त्यांना आणखी वेळ लागलाच. ते घर अजून उभं असेल तर एक कौल उलटं करून पाहा, कारखान्याचा शिक्का असतो. शिक्क्यात वर्ष असलं तरी हुरळू नका, ते कारखाना सुरू झाल्याचं असू शकतं.

एक उदाहरण सविस्तर करू. समजा, तुमच्याकडे एक फोटो आला आहे : ‘आमचं मूळ घर, १८६०’. जांभ्याचा चौथरा, पुढे ओटी, ओटीवर तीन पुरुष बसलेले, दारात एक बाई अर्धवट दिसते. माजघरावर मंगलोरी कौलं, पडवीवर अजून नळीची. मधल्या माणसाच्या मनगटावर घड्याळ. कागद जिलेटिनचा, कडांना चांदी उठलेली.

१८६० तर कौलांनीच रद्द झालं. कागदाने आपण १८८०च्या पुढे आलो. पुरुषांच्या हातात मनगटी घड्याळं रुळली ती पहिल्या महायुद्धानंतर, त्याआधी घड्याळ खिशात असे. म्हणजे खालची हद्द साधारण १९१८. आता वरची हद्द : घरातले लोक कडेच्या म्हाताऱ्यांना ‘थोरले आबा’ म्हणतात, आणि गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत त्यांचं निधन १९३८चं आहे. ओळख खरी असेल तर फोटो १९१८ ते १९३८ या वीस वर्षांतला. माजघरावर नवी कौलं आणि पडवीवर जुनी, याचा अर्थ छप्पर टप्प्याटप्प्याने बदललं गेलं, असं म्हणायला आधार आहे.

घर १८६० मध्ये बांधलेलं असेलही. पण फोटो घराचं वय सांगत नाही, फोटो काढला तेव्हा घर तिथे होतं एवढंच सांगतो. घराच्या वयासाठी घरपट्टीची नोंद, वाटणीपत्र, फेरफार हे पाहावं लागेल. कुटुंबाला हे सांगताना जपून सांगा. ‘१८६०’ हा आकडा कदाचित घर बांधल्याच्या आठवणीतून आला असेल आणि चुकून फोटोला चिकटला असेल. तो खोडू नका, ‘कुटुंबातल्या सांगण्यानुसार’ म्हणून वेगळा टिपून ठेवा.

फोटो वेगळा, मथळा वेगळा

खालचं लिखाण कधीचं आहे हा स्वतंत्र प्रश्न आहे. मागे ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ लिहिलं असेल तर ते लिखाण १९८१ नंतरचं, कारण जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. ‘कुलाबा जिल्हा’ असेल तर ते बहुधा १९८१च्या आधीचं, त्या वर्षी त्याचं रायगड झालं. पोस्टकार्डावरचा शिक्का कार्ड पाठवल्याची तारीख सांगतो. कार्डावरचं चित्र त्याच्या कितीतरी आधीचं असू शकतं.

मथळा चुकू शकतो याची दोन उदाहरणं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. पहिलं रत्नागिरीचं. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो तो बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये थिबा तिथेच वारला. म्हणजे त्या राजवाड्यात राहायला गेला तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. आता ‘थिबा राजा, थिबा पॅलेस, रत्नागिरी’ असा मथळा आणि वर पंचविशीतला तरुण राजा राणीशेजारी बसलेला दिसला, तर ते चित्र थिबा पॅलेसचं नाही, बहुधा मंडालेचं आहे. त्यासाठी ना भिंग लागतं ना प्रयोगशाळा, वजाबाकी पुरते.

दुसरं विजयदुर्गचं, आणि ते जास्त नाजूक आहे, कारण त्यात अभिमान गुंतलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असं आपण ऐकत आलो आहोत. त्यांच्या निरीक्षणाची जागा म्हणून किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात. पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिकडूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी, आरमारी बोटीवरचे खलाशी मदतीला घेऊन. तेव्हा दुर्बिणी, तंबू आणि खलाशी असलेला विजयदुर्गचा फोटो ‘१८६८, लॉकियर’ अशा मथळ्याने दिसला, तर मथळ्यातलं वर्ष तीस वर्षांनी चुकलं आहे असं धरून शोध सुरू करा. विजयदुर्गचं मोल याने कमी होत नाही. ग्रहणाच्या अभ्यासासाठी निवडलेली ती जागा होती हे खरंच आहे, फक्त वर्ष बरोबर लिहूया.

आगबोटींच्या फोटोंनाही हीच कसोटी लावा. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे जाताना बुडालेल्या ‘रामदास’ बोटीत सहाशेहून अधिक माणसं गेली. तिच्या आठवणीने आजही घराघरांत डोळे भरतात, आणि म्हणूनच कुठल्याही जुन्या आगबोटीच्या फोटोला तिचं नाव पटकन दिलं जातं. ‘रामदास’ १९३६ मध्ये बांधलेली. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव वाचता येतं का, धुराडी किती, डेक किती, हे पाहा. नाव वाचता येत नसेल तर ‘किनारी वाहतुकीची आगबोट’ एवढंच लिहा. गेलेल्या माणसांच्या आठवणीला चुकीच्या बोटीचा फोटो लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

कॅमेऱ्याने काय बदललं

एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या ओल्या प्लेटला, म्हणजे तेव्हाच्या निगेटिव्हला, उजेड घ्यायला सेकंदांवर सेकंद लागत. जो स्थिर राहिला तो उमटला. चालणारा माणूस पुसट झाला किंवा नाहीसाच झाला. १८६०च्या दशकातल्या फोटोत बाजारपेठ ओस दिसते म्हणून ती ओस होती असं नाही. समुद्र धुक्यासारखा सपाट दिसतो, म्हणून त्या दिवशी वारा पडलेला होता असंही नाही.

रंगांचं तर विचारूच नका. त्या प्लेटला निळा रंग फार चटकन दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळं आकाश पांढरंफेक, निळसर लुगडं पांढरं, आणि लाल लुगडं काळं. याचा परिणाम थेट माणसांच्या ओळखीवर होतो. फिकट लुगड्यातली बाई पाहून ‘विधवा आजी’ लिहून मोकळं होणारे मी पाहिले आहेत. कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या विधवा तर लाल आलवण नेसत, आणि ते अशा फोटोत काळं येणार! भगवा झेंडा काळपट येतो, जांभ्याची भिंत असते त्याहून गडद येते, सावळा चेहरा आणखी सावळा येतो. आता मोबाइलवरची ॲप जुन्या फोटोत रंग भरून देतात. ते रंग यंत्राचा अंदाज असतात. अस्पष्ट चेहरा ‘स्वच्छ’ करून देणारी ॲप तर नवा चेहरा तयार करतात. स्मरणिकेत छापायचं असेल तर मूळ फोटो छापा, ओळख पटवायला तर मूळच वापरा.

निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली तर डावं-उजवं बदलतं. पाटीवरची अक्षरं पाहा. उघड्या अंगाच्या भटजींचं जानवं डाव्या खांद्यावर आहे का पाहा. किनाऱ्यावर तर सोपी खूण आहे : समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की आपल्या डाव्या हाताला दक्षिण. ओळखीचं टोक, किल्ला, खाडीचं मुख भलत्या बाजूला दिसलं की समजावं. सावल्याही वाचा. सावली समुद्राकडे पडली असेल तर सकाळ, जमिनीकडे असेल तर दुपार उलटून गेलेली.

आणि जोडकाम. हे काही आजचं नाही. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ असे दोन खंड काढले. त्यात माणसांचे फोटो वेगळे घेऊन ते दुसऱ्याच देखाव्यांवर बसवलेले आहेत. म्हणजे माणसं खरी, जागाही खरी, पण ती माणसं त्या जागी उभी नव्हती. घरगुती फोटोंतही हे चाले. वारलेल्या वडलांना कुटुंबाच्या फोटोत मागाहून बसवून घेत. एकाच्या अंगावर उजेड डावीकडून आणि शेजारच्याच्या उजवीकडून पडत असेल, किंवा एकाच्याच पायाखाली सावली नसेल, तर तिथे थांबा.

समुद्र पुढे आला की मागे गेला?

किनाऱ्यावरच्या गावात जुना फोटो पाहिला की हा विषय निघतोच. ‘बघा, पूर्वी केवढी मोठी पुळण होती, आता समुद्र माडांपर्यंत आला!’ असेलही आला. पण दोन फोटो शेजारी ठेवून ते सिद्ध होत नाही, आणि इथे घाई केली तर धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या मागणीपासून जमिनीच्या वादापर्यंत गोष्टी जातात.

एकाच दिवसात भरतीचं पाणी आणि ओहोटीचं पाणी यांत आपल्याकडे काही मीटरचा फरक पडतो. उतार कमी असलेल्या पुळणीवर तेवढ्याने पाण्याची रेघ शंभर पावलंही सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक मोठा, अष्टमीच्या आसपास भांगाला लहान. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते. दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवले तर ठिकाणं वेगळी वाटावीत. त्यावर ऋतू. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, हिवाळ्यात ती परत भरते. जुने फोटो बहुतेक उघडिपीतले, कारण पावसात किनारी बोटी बंद, रस्ते चिखलाचे, आणि सामान भिजण्याची भीती. म्हणजे जुना फोटो डिसेंबरचा आणि तुमचा ऑगस्टचा असेल, तर तुलना मोडली.

मग करायचं काय? पाण्याची रेघ सोडा आणि न हलणारी खूण धरा : कातळ, देवळाची पायरी, धक्क्याचा दगड, जुनी विहीर. जुना फोटो जिथून काढला तिथेच उभे राहा. दोन स्थिर खुणा एकमेकींच्या मागे जशा जुन्या फोटोत दिसतात तशाच दिसेपर्यंत सरका, की जागा सापडली. तसाच महिना, तशीच तिथी आणि ओहोटीची तीच वेळ निवडून नवा फोटो घ्या. मग विहीर आणि वाळूची कड यांतलं अंतर ताडून पाहा. सुरूच्या बनावरून मात्र काही ठरवू नका. सुरू आपल्याकडचा नव्हे, तो किनाऱ्यावर लावलेला आहे. जुन्या फोटोत तो नाही म्हणजे झाडं तोडली गेली असं नाही, अजून लावलीच नव्हती असंही असेल.

चौकटीच्या कडा आणि चौकटीबाहेरचं

मधल्या माणसाला सगळेच पाहतात. तुम्ही कडा पाहा. खोतांच्या ओटीवरच्या फोटोत खुर्चीवर कोण, जमिनीवर कोण, पायरीखाली कोण, आणि कडेला अर्धा कापला गेलेला हात कुणाचा? माणसांची उतरंड ज्या स्पष्टपणे अशा फोटोत दिसते तशी खोताच्या दफ्तरातही दिसत नाही. इथे फोटो खरोखर श्रीमंत पुरावा आहे.

पण फोटोला पैसे लागत, आणि कॅमेरा ज्याच्या हातात त्याला जे पाहण्याजोगं वाटलं ते उमटलं. किल्ले, साहेबांचे बंगले, लग्नं, सत्कार यांचे फोटो आहेत. मासळी वाळवणाऱ्या बाया, कुळवाडी, गावकुसाबाहेरची वस्ती यांचे कमी आहेत. गावाचे चाळीस फोटो जमले आणि त्यांत एखादी वाडी कुठेच नाही, तर ती वाडी नव्हती असं नव्हे. उलट ते न दिसणं स्मरणिकेत लिहिण्याजोगं आहे.

कारण तर फोटो कधीच सांगत नाही. अलिबागजवळ चरीला खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं चालला. जमिनी पडीक राहिल्या. अशा पडीक शेताचा फोटो असता तर त्यात काय दिसलं असतं? गवत. पेरलं का नाही, कुणी पेरलं नाही, त्या सहा वर्षांत घरात काय शिजलं, यातलं काही नाही. त्यासाठी वर्तमानपत्रं, सरकारी कागद आणि माणसांच्या आठवणी लागतात.

माणसांची नावं विचारताना

जाणत्या माणसाकडे फोटो घेऊन जा, पण ‘आजी, हे नाना ना?’ असं विचारू नका. आजी हो म्हणणार. ‘आजी, यातलं कोण ओळखीचं वाटतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांना आकडे द्या. दोन जाणत्यांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं त्यासह. ठिकाणासाठी ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’ ताडून पाहा. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८०चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३चा. बंदरं, बाजार, घरांची बांधणी यांची वर्णनं त्यात आहेत. ती साहेबी नजरेतली आहेत हेही विसरू नका.

छापण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या, आणि फोटोतल्या माणसांना अपमान वाटेल अशी जुनी विशेषणं मथळ्यात आणू नका.

शेवटी मथळा

चांगल्या मथळ्यात दिसणारं, ताडलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं कळतं. वरच्या घराच्या फोटोसाठी मी असा लिहीन :

‘जांभ्याच्या चौथऱ्याचं घर, ओटीवर तीन पुरुष, दारात एक स्त्री (नाव कळलेलं नाही). कागद, कौलं आणि मनगटी घड्याळ यांवरून १९१८ नंतरचा. उजवीकडचे गृहस्थ थोरले आबा असल्यास १९३८ पूर्वीचा. ही ओळख घरातल्या दोघांनी, एकमेकांना न विचारता, सांगितली. घर १८६०चं असल्याचं कुटुंबात सांगतात, कागद मिळालेला नाही. मूळ फोटो कुटुंबाकडे. छपाईसाठी कडा कापलेल्या नाहीत.’

लांब आहे, जागा खातो, छापखानेवाला कुरकुरेल. तरी असाच द्या. संपूर्ण स्कॅन आणि टिपणं यांची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा, आणि दारातल्या त्या बाईचं नाव कुणाला ठाऊक असेल तर कळवावं, अशी ओळ त्याच पानावर तळाला घाला.